दोन चुलींचं घराणं: मॉर्मन पूर्वजांचा कुलवृत्तांत लिहिताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान अॅरिझोनातल्या जुन्या मॉर्मन शेतकरी घराण्यातले. मॉर्मन म्हणजे अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ; यूटा राज्य हे त्यांचं मुख्य ठाणं, आणि एकोणिसाव्या शतकात त्यांच्यात एकाहून अधिक बायका करण्याची रीत होती. वंशवृक्षात त्यांच्या खापरपणजोबांच्या नावापुढे दोन बायका दिसतात. सासूबाई म्हणतात, दुसरी बायको वगैरे कुणी नव्हती, ती ‘आंट’ होती. ट्रंकेत थोडी पत्रं, जमिनीचा एक कागद आणि कुणीतरी टाइप केलेली मुलांची यादी मिळाली आहे, पण यादीतल्या जन्मतारखा एकमेकींशी जुळत नाहीत. तुम्हाला हे सगळं तुमच्या मुलीसाठी मराठीत लिहून ठेवायचं आहे, आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

मी आधी आपल्याकडच्या कुलवृत्तांतांचं काम केलं आणि पुढे बरीच वर्षं यूटा-अॅरिझोनाकडच्या घराण्यांचं करतो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो: हे घराणं नवऱ्याच्या नावाखाली लिहू नका, चुलीवार लिहा. आपल्या कुलवृत्तांतात पुरुषाचं नाव, खाली प्रथम पत्नी, द्वितीय पत्नी आणि मग मुलं अशी मांडणी असते. ती इथे लावलीत की सगळं एका छपराखाली नांदत होतं असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात बहुतेक मॉर्मन घरांत प्रत्येक बायकोची चूल वेगळी, गोठा वेगळा, पुष्कळदा गावही वेगळं. नवरा दोन्हीकडे येऊन-जाऊन. अशी लग्नं केलेल्या पुरुषांत बहुतेकांना दोनच बायका होत्या. त्यांचा पुढारी ब्रिगम यंग याच्या पन्नासेक बायकांचे आकडे ऐकून आपण भलतंच काही डोळ्यांसमोर आणतो.

आणि सासूबाई खोटं बोलत नाहीत. या घरांत वडिलांच्या दुसऱ्या बायकोला मुलं ‘आंट’च म्हणत. आपल्याकडे थोरली आई, धाकटी आई म्हणत तसं. पुढच्या पिढ्यांनी शब्द तेवढा जपला आणि त्यामागचं नातं हळूहळू विसरून गेले, काही घरांत तर मुद्दाम विसरले. तेव्हा ‘आंट’ हा शब्द कानावर आला की तो पुरावा समजून जपून ठेवा.

आता एक घराणं जवळून दाखवतो. तुमच्याच राज्यातलं आहे आणि सार्वजनिक नोंदींत भरपूर सापडतं, म्हणून निवडलं. डेव्हिड किंग उडाल, जन्म १८५१. त्यांची पहिली बायको एला स्टुअर्ट. ही बाई लग्नाआधीच कर्तबगार: १८७१ मध्ये, सोळाव्या वर्षी, पाइप स्प्रिंगच्या दगडी गढीत तारयंत्रावर बसली. अॅरिझोना प्रांतातली ती पहिली तारमास्तर. १८७५ मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि त्याच वर्षी नवरा धर्मप्रचारासाठी इंग्लंडला गेला. १८८० मध्ये डेव्हिडना सेंट जॉन्स या गावी बिशप म्हणून पाठवलं. मॉर्मनांत बिशप म्हणजे पगारी पाद्री नव्हे. शेती करून, गाई राखून, वर गावाची धार्मिक जबाबदारी सांभाळणारा गृहस्थ. सेंट जॉन्स लिटल कोलोरॅडो नदीकाठी, उंच आणि कोरड्या माळावर आहे. तिथे बांध घालायचा, पूर आला की तो वाहून जायचा, पुन्हा घालायचा. गावाजवळचं लायमन धरण १९१५ मध्ये फुटलं तेव्हा आठ माणसं गेली.

सेंट जॉन्सच्या सहकारी दुकानात आयडा हंट नावाची तरुणी कामाला आली आणि उडाल घराशी तिची ओळख झाली. डेव्हिडनी मागणी घातल्यावर तिने आधी एलाला पत्र लिहून तिचं मन विचारलं. एलाचं उत्तर आलं. या विषयाने आपल्याला फार यातना झाल्या हे तिने लपवलं नाही, आणि तरी ती आड आली नाही. मग तिघंही एला, डेव्हिड आणि आयडा, एलाच्या लहानग्या मुलीला घेऊन, घोडागाडीने वाळवंट ओलांडत यूटातल्या सेंट जॉर्जच्या मंदिरात गेली, कारण जवळचं मंदिर तेच. या विधीत पहिल्या बायकोने नव्या वधूचा उजवा हात आपल्या नवऱ्याच्या हातात द्यायचा असे. लग्नाची तारीख २५ मे १८८२.

ही तारीख नीट पाहा. दोनच महिने आधी, २२ मार्च १८८२ रोजी, एडमंड्स कायद्यावर सही झाली होती. त्या कायद्याने दुसऱ्या बाईशी ‘बेकायदा सहवास’ हाच गुन्हा ठरला: सहा महिने कैद, तीनशे डॉलर दंड. लग्न सिद्ध करायची गरजच उरली नाही; दोन घरांत ये-जा दिसली तरी पुरे. म्हणजे आयडाचं लग्न पहिल्या दिवसापासून लपवण्याचं लग्न. १८८४ मध्ये धरपकड सुरू झाली तेव्हा साक्षीचं समन्स हातात पडू नये म्हणून तिला घर सोडावं लागलं. मॉर्मन याला ‘अंडरग्राउंड’ म्हणत; आपण भूमिगत म्हणू. डेव्हिडचं बालपण गेलं त्या यूटातल्या नीफाय गावी ती जाऊन राहिली, आणि १८८५ मध्ये तिची पहिली मुलगी पॉलीन तिथेच जन्मली. बाप शेकडो मैल लांब.

इकडे बहुपत्नीकत्वाचा खटला डेव्हिडवर टिकेना, कारण आयडा सापडेना. मग दुसरा मार्ग निघाला. माइल्स रॉमनी या शेजाऱ्याच्या सरकारी जमिनीच्या दाव्यासाठी डेव्हिडनी शपथपत्र दिलं होतं. त्यावरून खोट्या शपथेचा आरोप झाला, १८८५ मध्ये प्रेस्कॉटच्या कोर्टात तीन वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना डेट्रॉइटच्या तुरुंगात पाठवलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी माफी दिली. दोन वर्षांनी आयडाला मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं ग्रोव्हर क्लीव्हलँड उडाल. कोर्टाची एकही फाइल हाती नसती, तरी एका बाळाचं नाव वाचून मी त्या घरावर काय गुदरलं ते शोधायला निघालो असतो. तुमच्या यादीतल्या नावांकडेही असंच बघा. एखादं नाव घराण्यातलं वाटत नसेल तर ते कुठून आलं, याचा पाठपुरावा करा.

पुढे १८९० मध्ये चर्चचे अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढला: यापुढे देशाच्या कायद्याविरुद्ध लग्नं करू नयेत. पण जी बाई आधीच घरात आहे, तिची मुलं आहेत, तिचं काय करायचं, हे प्रत्येक घराने आपापल्या परीने सोडवलं. आयडा ईगर गावात वेगळं बिऱ्हाड करून राहिली, शेत आणि मुलं बघत. एला सेंट जॉन्सला. घरावर कर्ज होतं, टपाल वाहून नेण्याचे ठेके घेऊन ते फेडणं चाललं होतं. आयडाची जेसी, गिल्बर्ट आणि डॉन ही मुलं १८९३, १८९५ आणि १८९७ मधली. जाहीरनाम्यानंतरची. नातं तुटलं नव्हतं, हे या तीन जन्मतारखा सांगतात.

एलाचा मुलगा लीव्हाय १८९१ चा आणि आयडाचा जेसी १८९३ चा. दोघेही सावत्र भाऊ पुढे अॅरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १९६० मध्ये लीव्हाय वारले आणि त्यांच्या जागी जेसींची नेमणूक झाली. लीव्हाय यांचे चिरंजीव स्टुअर्ट उडाल हे केनेडींच्या मंत्रिमंडळात ‘इंटिरियर’ खात्याचे, म्हणजे तिकडच्या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री होते. आयडा १९१५ मध्ये गेली. एला आणि डेव्हिड पुढे मेसाच्या मंदिराचा कारभार बघत होते, आणि ती दोघं १९३७-३८ मध्ये वर्षाच्या अंतराने गेली. हे सगळं एकाच पुरुषाच्या नावाखाली लिहिलंत तर आयडाची भूमिगत वर्षं आणि ईगरचं शेत दोन ओळींत संपतं. चुलीवार लिहिलंत की तो तिचा स्वतःचा अध्याय होतो. मला हे इतकं महत्त्वाचं वाटतं, कारण कागदांनी तिला आधीच अर्धं पुसलेलं असतं. आपण लिहिताना उरलेलं अर्धं पुसू नये.

आता तुमच्या कागदांकडे येतो.

तारखा जुळत नाहीत म्हणालात. माझ्याकडे एकदा अशीच यादी आली होती: पिवळट कागद, टाइपरायटरची अक्षरं, एकाच आईखाली अकरा मुलं, आणि सातव्या-आठव्या मुलात अंतर फक्त चार महिन्यांचं. घरच्यांनी वर्षानुवर्षं ती टायपिंगची चूक मानली होती. मी मुलांसमोर जन्मगाव लिहीत गेलो तेव्हा चार मुलं एका गावी आणि सात दुसऱ्या गावी जन्मलेली निघाली. तारखा बरोबर होत्या, आया दोन होत्या. धाकटीची मुलं थोरलीच्या नावावर चढवलेली, बहुधा पकडापकडीच्या काळात, बापाला वाचवायला. तेव्हा तारीख दुरुस्त करायला जाऊ नका. आधी गाव लिहा.

जनगणनेची पानं बघाल तेव्हा एक लक्षात असू द्या. १८८० पासून घरातल्या माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायला लागले, त्यामुळे मोलकरीण, भाडेकरू, विधवा अशी धाकटीची नोंद सापडू शकते. नवरा जिवंत असताना विधवा लिहिलेल्या बायका मी कितीतरी पाहिल्या आहेत. १८९० ची जनगणना, जी आपल्याला नेमकी हवी, तिचे कागद १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीनंतर जवळजवळ सगळे गेले. म्हणून १९०० ची पानं सोन्यासारखी: त्यात जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली, आईला किती मुलं झाली आणि किती हयात आहेत, असे रकाने आहेत. ‘विधवा’ म्हणून लिहिलेल्या बाईच्या घरात दोन वर्षांचं मूल असेल तर थांबा आणि शेजारची घरं वाचा.

लग्नाची नोंद कचेरीत मिळणार नाही, हे गृहीत धरा. ही लग्नं मंदिरात होत आणि त्यांना ‘सीलिंग’ म्हणत, म्हणजे या जन्मापुरतं नव्हे तर अनंतकाळासाठी बांधलेलं नातं. इथे नवखा माणूस हमखास फसतो. सीलिंग झालं म्हणजे संसार झालाच, असं नाही. एखाद्या वृद्ध विधवेला केवळ परलोकासाठी कुणाशी सील केलेलं असतं. कधी मृत्यूनंतर नातेवाइकांनी विधी करून घेतलेला असतो. विधवेचं पहिलं सीलिंग दिवंगत नवऱ्याशी आणि संसार दुसऱ्याशी, अशीही घरं आहेत. उडालांनी १९०३ मध्ये जॉन मॉर्गन या दिवंगत धर्मप्रचारकाच्या विधवेशीही लग्न केलं. म्हणून ऑनलाइन वंशवृक्षात पाच बायका दिसल्या तरी घाबरू नका आणि उत्साहाने पाच चुलीही मांडू नका. मुलं, पत्ता, जमीन यांपैकी काही हाती लागलं तरच चूल मांडायची.

जमिनीचा कागद जपून ठेवा. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहत करणाऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षं राहून, कसून, साक्षीदारांच्या शपथेवर ते सिद्ध करावं लागे. त्या दाव्यांच्या मूळ फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. घर किती खोल्यांचं, किती एकर नांगरले, कुंपण कसलं, घरात माणसं किती, हे सगळं त्यांत असतं. फक्त उडाल-रॉमनी प्रकरण आठवून वाचा: हीच शपथपत्रं शत्रूच्या हातातलं शस्त्रही होती, त्यामुळे लिहिणारे जपून लिहीत. आणि नवऱ्याने हयातीतच एखाद्या बाईच्या नावे ‘प्रेमापोटी’ जमीन करून दिल्याचा दस्त दिसला, तर तिचं त्याच्याशी नातं काय हे शोधलंच पाहिजे. एडमंड्स कायद्याने १ जानेवारी १८८३ पूर्वी जन्मलेली मुलं तेवढी औरस मानली. त्यानंतरच्या मुलांचा वारसा डळमळीत, म्हणून शहाणी माणसं मृत्युपत्रावर न विसंबता आधीच वाटणी करत.

पाण्याचंही तसंच. ब्रिगम यंगची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरली आणि त्याच दिवसांत ओढा अडवून, जमीन भिजवून बटाटे लावले. तेव्हापासून मॉर्मन गाव म्हणजे सामाईक पाट आणि ठरलेली पाळी. आपल्याकडे पांझरा नदीकाठी पाटपाण्याचे फड चालतात तसा तो शिस्तीचा मामला आहे. पाटाच्या वह्यांत कुणाची पाळी किती तास, ते लिहिलेलं असे, आणि नवरा तुरुंगात किंवा भूमिगत असला तरी पाळी चुकवून चालत नसे. रात्री दोन वाजता कंदील घेऊन पाटाच्या पाण्याची दारं मोडायला कोण गेलं? बहुतेक वेळा बाई, नाहीतर बारा वर्षांचा पोरगा.

बायकांची नावं सरळ, न लपवता सापडण्याची जागा म्हणजे रिलीफ सोसायटीची इतिवृत्तं. ही त्यांची स्त्रीसंघटना १८४२ पासूनची. कोण सभेला आलं, कुणी किती अंडी दिली, कुणी रजई शिवली, कोण कुणाच्या बाळंतपणाला गेलं, अशा नोंदी तिथे असतात. १८७६ पासून या बायका दुष्काळासाठी गहू साठवत होत्या, त्याचेही हिशेब आहेत. तुमची ‘आंट’ मला वाटतं तिथे भेटेल.

मुलीसाठी लिहिताय म्हणून एक-दोन धागे आपल्याकडचेही सांगतो, कारण ते खरे आहेत. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक मुंबईला उतरला आणि तिथून पुण्यात आला. १८५२ मध्ये तिथे छोटीशी शाखाही निघाली. कलकत्त्याला बंगाल तोफखान्यातले मॅथ्यू मॅक्यून सहकुटुंब मॉर्मन झाले आणि पुढे यूटात जाऊन राहिले, तेही त्याच नीफायमध्ये. आणि १८९४ मध्ये स्थापन झालेल्या यूटाच्या वंशावळी संस्थेने जगभरच्या नोंदींची जी छायाचित्रं घेतली, त्यांत हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्याही, म्हणजे वंशावळीच्या वह्याही आहेत. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायाने वही उघडून पणजोबांची सही दाखवली की अंगावर काटा येतो ना, त्याच ओढीने ही माणसं हे काम करतात. त्यांच्या श्रद्धेत मेलेल्या पूर्वजांनाही कुटुंबाशी जोडून घ्यायचं असतं, आणि त्यासाठी आधी त्यांची नावं माहीत हवीत.

मुलीला ‘सवत’ हा शब्द द्यायचा की नाही, असंही विचारलंत. मी देणार नाही. आपल्या ओव्यांत, म्हणींत सवत म्हणजे जन्माचं वैर. एला आणि आयडामध्ये दुःख होतं, मत्सराचे क्षण होते, आणि एकमेकींच्या मुलांची काळजीही होती. त्या शब्दात हे मावत नाही. थोरली आणि धाकटी असं लिहा. आपल्याकडेही हे फार जुनं नाही, हे तिला जरूर सांगा. मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करायला बंदी आली ती १९४६ च्या कायद्याने. अनेक मराठी घरांत पणजोबांच्या दोन बायका निघतात आणि तिथेही धाकटीचं माहेरचं नाव कुणाला सांगता येत नाही. आणि आजच्या चर्चबद्दल तिचा गैरसमज होऊ देऊ नका: १९०४ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यापासून असं लग्न करणाऱ्याला ते धर्मबाह्य करतात. आज बहुपत्नीकत्व पाळणारे गट वेगळे आहेत.

उद्या एवढंच करा. एक मोठा कागद घ्या, यादीतली सगळी मुलं जन्माच्या क्रमाने लिहा आणि प्रत्येकापुढे फक्त गाव. आईचा रकाना कोरा ठेवा. तो कागद घेऊन सासूबाईंजवळ बसा, शक्यतो स्वयंपाकघरात, आणि ती दुसरी बायको होती का, हे विचारूच नका. आंटचं घर कुठे होतं, तिथे जाताना वाटेत नदी लागायची का, तिच्याकडे गाई किती होत्या, पाव कसा भाजायची, तिच्याकडची मुलं शाळेत कुणाबरोबर जायची, हे विचारा. त्या हयात आहेत तोवर यातलं काहीही इंटरनेटवरच्या झाडात चढवू नका. त्यांनी सांगितलेली गावांची नावं मला कळवा, म्हणजे कुठल्या पाटाच्या वह्या आणि कुठल्या रिलीफ सोसायटीची इतिवृत्तं मागवायची ते मी सांगतो.